जुन्या गोव्यातलं बाँ जेझुस : चिरा, वेदी आणि गिलावा



जुन्या गोव्यात उतरणारा मराठी प्रवासी साधारण ठरलेल्या वाटेनं जातो. गाडी थांबते, समोर तांबड्या चिऱ्यांचं उंच चर्च दिसतं, त्याच्यापुढे फोटो निघतो, आणि मग रांग सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीकडे सरकू लागते. शव खरंच आत आहे का आणि इतकी वर्षं ते टिकलं कसं, या दोन प्रश्नांवर कुजबूज होते आणि मंडळी मंगेशीच्या रस्त्याला लागतात. पेटीभोवतीची वास्तू मात्र वाचायची राहून जाते. वास्तविक या वास्तूच्या प्रत्येक खांबाला, खिडकीला आणि मूर्तीला काही सांगायचं आहे, आणि ते अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावं अशा बेतानं सांगायचं आहे. आजचं व्याख्यान त्या सांगण्याविषयी आहे.

इमारतीची जन्मतारीख शोधायला दप्तरं उलगडावी लागत नाहीत. दारातून आत पाऊल टाकलं की डोक्यावर गायकवृंदाचा सज्जा येतो. तो ज्या खांबांवर उभा आहे त्यांच्यावर पोर्तुगीज आणि लॅटिन भाषेतले शिलालेख आहेत : बांधकामाचा आरंभ २४ नोव्हेंबर १५९४, अभिषेक १५ मे १६०५. अभिषेक केला आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी. पैसा आला दों जेरोनिमु माश्करेन्यश या सरदाराच्या मृत्युपत्रातून. कोचीन आणि होर्मुझ इथे कप्तानकी केलेला हा गृहस्थ १५९३ मध्ये वारला आणि जेझुइटांना भरघोस देणगी ठेवून गेला. त्याचं सोनेरी मुलाम्याचं स्मारक उत्तरेकडच्या भिंतीत आहे, आणि त्याच्या अगदी समोर, दक्षिणेच्या भिंतीवर, प्रवचनपीठ. देणगीदाराला प्रवचन कायमचं ऐकावं लागेल अशी सोय कुणी मुद्दाम केली की काय, असा खट्याळ संशय येतो.

बांधणारे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे लोक. संघाची स्थापना १५४० ची. युरोपात तेव्हा प्रोटेस्टंट बंड पेटलेलं होतं. मूर्ती फोडा, चित्रं पुसा, संतांची मध्यस्थी नको, असा त्या बंडातल्या कडव्या गटांचा आग्रह होता. त्याला कॅथलिक चर्चचं उत्तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेत तयार झालं. १५४५ मध्ये सुरू झालेली ही परिषद अठरा वर्षं अडखळत चालली आणि डिसेंबर १५६३ मधल्या शेवटच्या अधिवेशनात तिनं प्रतिमांचा प्रश्न निकालात काढला. मूर्ती आणि चित्रं राहतील. मात्र मान मिळतो तो लाकडाला किंवा रंगाला नसून ज्यांची ती प्रतिमा आहे त्यांना, आणि लोकशिक्षण हे तिचं मोठं काम. या निर्णयानं पुढच्या दीडशे वर्षांच्या कॅथलिक वास्तुकलेला दिशा दिली. रोममध्ये जेझुइटांचं मुख्य चर्च, इल जेझू, १५६८ मध्ये सुरू होऊन १५८४ मध्ये पवित्र झालं, आणि नव्या विचाराचा नमुना उभा राहिला. मधे खांबांचं रान नाही, एकच रुंद सभागृह. कुठेही उभं राहिलं तरी वेदी दिसली पाहिजे आणि प्रवचन ऐकू आलं पाहिजे.

बाँ जेझुस त्या नमुन्याचं गोव्यातलं भावंड, पण जुळं नव्हे. रोमच्या जेझूला घुमट आहे आणि दोन्ही बाजूंना उपमंदिरांच्या ओळी आहेत. इथे घुमट नाही, बाजूच्या ओळीही नाहीत. लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट. म्हणजे रुंदीपेक्षा उंची किंचित जास्त असलेली एक लांबट पेटी आणि वेदीच्या अलीकडे तिला छेदणारी आडवी बाजू. वरून पाहिलं तर आकृती क्रुसाची. क्रुसाचा पायथा पश्चिमेला आणि माथा पूर्वेला, त्यामुळे भाविक दारातून निघतो तो सूर्योदयाच्या दिशेनं चालत वेदीपाशी पोचतो. उगवता सूर्य हे ख्रिस्ताचं फार जुनं प्रतीक. मात्र हा नियम दगडावरची रेघ होता असं समजू नये. रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला, जुन्या शहराच्या मोठ्या चौकाकडे आहे, आणि तिथे वेदी पश्चिमेला गेली आहे. रोमच्या सेंट पीटर्सचंही तोंड पूर्वेलाच. शहर आणि शास्त्र यांचं जमलं नाही की शास्त्रानं वाट करून दिल्याची उदाहरणं ख्रिस्ती वास्तुकलेत भरपूर सापडतात.

आता दर्शनी भिंत. खाली तीन दारं, मधलं मोठं. त्यांच्यावर तीन उंच चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल गवाक्षं आणि सर्वांत वर कोरीव नक्षीनं भरलेला एक चौकट-फलक. तीन दारं, तीन खिडक्या, तीन गवाक्षं : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असं गाइड छातीठोकपणे सांगतात. ते खोटं नाही, पण थोडं सावध असलेलं बरं. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये मधलं दालन आणि दोन बाजूची दालनं अशी विभागणी असते, म्हणून दारं तीन. इथे दालन एकच, तरी दारं तीनच. रोमच्या जेझूतही असंच आहे. म्हणजे गरज संपली तरी रूढी टिकली. रूढीला अर्थ जोडणं भाविकांना सोपं जातं आणि धर्मगुरूंना सोयीचं. प्रतीकं नेहमी बांधणाऱ्याच्या डोक्यातूनच येतात असं नाही, बघणाऱ्याच्या डोक्यातूनही येतात.

वरच्या फलकाबद्दल मात्र अशी शंका घ्यायला जागा नाही. तिथे तीन अक्षरं कोरलेली आहेत : आय, एच, एस. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली तीन अक्षरं. मधल्या अक्षराच्या माथ्यावर क्रूस आणि खाली तीन खिळे ही येशूसंघाच्या मुद्रेची ठरलेली मांडणी. घंटेचा मनोरा पाठीमागे ढकललेला असल्यामुळे समोरून बघणाऱ्याची नजर दुसरीकडे कुठे भटकत नाही. चार मजले चढून ती त्या तीन अक्षरांवर थांबते. बांधणाऱ्याचा हेतू यापेक्षा स्पष्ट कसा असावा!

या भिंतीत दोन दगड आहेत. अंग जांभ्याचं, आणि खांब, पट्ट्या, कोरीव काम काळ्या बेसॉल्टचं. हा काळा दगड वसईहून आणला असं सांगतात. सह्याद्रीचा काळा पत्थर जहाजात भरून शेकडो किलोमीटर दक्षिणेला नेण्याचा खटाटोप कशासाठी, तर जांभ्यावर बारीक छिन्नी चालत नाही. जांभा हा छिद्रांचा दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो, पण त्याच्यात देवदूताचा पंख कोरता येत नाही. म्हणून भिंत स्थानिक आणि अक्षरं आयात. या दोन दगडांची गोष्ट शेवटी पुन्हा लागणार आहे.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती जवळजवळ मोकळ्या लागतात. सज्ज्याखाली उजवीकडे सेंट अँथनीची वेदी, डावीकडे झेवियरची मोठी लाकडी मूर्ती, मग स्मारक आणि प्रवचनपीठ. लॅटिनमधून चालणारी मिसा सामान्य भाविकाला कळत नसे, धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभा असे, त्यामुळे लोकांशी बोलण्याची जागा म्हणजे हे प्रवचनपीठ. ते वेदीजवळ नाही, सभागृहाच्या मध्याशी आहे. कारण आवाज दोन्ही टोकांना पोचायला हवा. त्याच्या तीन बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार महापंडित कोरलेले आहेत. बोलणारा माणूस स्वतःच्या मनचं सांगत नाही, ही सगळी परंपरा त्याच्यामागे उभी आहे, असा त्याचा अर्थ. आणि तळाशी सात आकृती ते सगळं ओझं खांद्यावर घेऊन वाकलेल्या.

डोळे मग पूर्वेकडच्या सोनेरी भिंतीकडे जातात. चौपन्न फूट उंच, तीस फूट रुंद, संपूर्ण लाकडाची आणि सोन्याच्या वर्खानं मढवलेली ही मुख्य वेदी म्हणजे या वास्तूचं खरं प्रवचन. ते खालून वर वाचायचं. सर्वांत खाली बाल येशूची छोटी मूर्ती. हेच बाँ जेझुस, ज्याच्या नावानं चर्च ओळखलं जातं. त्याच्यावर संघाचा संस्थापक, संत इग्नेशियस लोयोला, पूर्ण पुरुषाहून मोठा. ज्याचं घर तो लहानसा खाली आणि त्याचा सेवक राक्षसी आकाराचा वर, हे पाहून आजचा माणूस गोंधळतो. संघानं स्वतःची जाहिरात केली अशी टीका करता येईल, आणि ती सगळी चुकीची नाही. पण इग्नेशियसची नजर कुठे आहे ते बघा. त्याचं तोंड आकाशाकडे वळलेलं आहे, वर तळपणाऱ्या सूर्यबिंबाकडे, आणि त्या बिंबात पुन्हा तीच तीन अक्षरं. बिंबाच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणजे खाली बालरूपात अवतरलेलं नाव वर सूर्यरूपात दिसतं, आणि मधे उभा असलेला माणूस नजर खालून वर नेण्याचं काम करतो. एवढं मोठं असूनही तो वाटाड्याच आहे. दोन्ही बाजूंचे पीळदार खांब सॉलोमनच्या मंदिरातल्या खांबांची परंपरागत आठवण. सतराव्या शतकात बर्निनीनं सेंट पीटर्समधल्या छत्रीला तेच वापरले आणि जगभरच्या वेद्यांवर त्यांची लाट पसरली.

सोनं श्रीमंती दाखवण्यासाठी होतंच. शिवाय त्याचा एक उपयोगही होता. खिडक्या उंचावर, उजेड बेताचा. मेणबत्त्यांच्या प्रकाशात वर्ख हलल्यासारखा वाटतो आणि मूर्ती सजीव भासतात. विजेच्या पांढऱ्या दिव्यांखाली हा परिणाम निम्माच उरतो.

क्रुसाच्या उजव्या हातात झेवियर आहे. डाव्या हातात, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, परमप्रसादाचं उपमंदिर आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार अभिषिक्त भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष हजर असतो, तेव्हा शास्त्राप्रमाणे या इमारतीतली सर्वांत पवित्र जागा डावीकडची. लोकांची रांग मात्र उजवीकडे लागते. धर्मशास्त्र आणि लोकभक्ती यांच्यातलं हे अंतर कुठल्याही धर्माच्या अभ्यासकाला ओळखीचं वाटेल.

झेवियर गोव्यात पोचला १५४२ मध्ये. दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर त्याचा अंत झाला. १५५४ मध्ये शव गोव्यात आलं, १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग कापून रोमला पाठवला गेला, १६२२ मध्ये संतपद मिळालं. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर संताच्या जीवनातले बत्तीस प्रसंग उठावात आहेत. तिच्या खालचा संगमरवरी चौथरा साठ वर्षांनंतरचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली. त्याची परतफेड म्हणून त्यानं फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून हे स्मारक करवून घेतलं. काम दहा वर्षं चाललं. रंगीत संगमरवर आणि जॅस्परचे सुटे भाग समुद्रमार्गे आले, ते जोडायला कारागीर बरोबर आले, आणि १६९८ मध्ये चौथरा उभा राहिला. एका उशीच्या बदल्यात एवढं! कोसिमोच्या मेदिची घराण्यात हिशेब उत्तम जाणणारी माणसं होऊन गेली, पण या व्यवहारात नफा कुणाचा ते ठरवणं कठीण आहे. बघणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं की खालचा युरोप आणि वरची चांदी यांचं शिल्प एका हातचं नाही. खाली ब्राँझच्या चार फलकांत मोकळी जागा, हवा, खोली आहे. वर चांदीत कडेपासून कडेपर्यंत नक्षी.

गोव्याचे सोनार, सुतार, चित्रकार यांचा विषय इथे टाळता येत नाही. सोळाव्या शतकातच हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू घडवू नयेत असे हुकूम निघाले होते, आणि ते पुन्हा पुन्हा काढावे लागले. हुकूम वारंवार निघतो याचा अर्थ तो पाळला जात नव्हता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. वेदींवरची भरगच्च वेलबुट्टी, देवदूतांचे गोल चेहरे आणि कित्येक प्रवचनपीठांखालच्या नागिणींसारख्या आकृती हे हात कुठले होते ते उघड करतात. गोव्याची चर्चं म्हणजे पोर्तुगालची नक्कल हा समज त्यामुळेच टिकत नाही. वास्तुइतिहासकार पाउलु व्हारेला गोमिश यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात या चर्चना स्वतंत्र गोमंतकीय वास्तुपरंपरा मानावं असं हिरिरीनं मांडलं आहे, आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

हे कौतुक करताना दुसरी बाजू झाकायची नाही. १५४० मध्ये तिसवाडीतली आणि १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली. १५६० मध्ये धर्मसमीक्षण, म्हणजे इन्क्विझिशन, बसलं आणि मधला अल्पसा खंड सोडता १८१२ पर्यंत चाललं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, ती याच धाकानं. चर्चच्या सोन्यामागे हा इतिहास उभा आहे. तो विसरून प्रतीकांची चर्चा करणं अर्धवटपणा होईल.

पण दगडांची गंमत अशी की ते माणसांइतके वैर धरत नाहीत. अंत्रुज महालात, पोर्तुगीज सत्तेबाहेर, देवळं पुन्हा उभी राहिली तेव्हा त्यांच्या शिखराच्या जागी अष्टकोनी घुमट आला, भिंतींत अर्धस्तंभ आणि कमानीच्या खिडक्या आल्या, गच्चीला कठडे आले. कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं मंदिर छत्रपती शाहूंच्या काळात, १७३८ च्या सुमारास बांधलं गेलं. पळून आलेल्या देवीचं घर बांधताना गवंड्यांनी तीच रूपं वापरली जी चर्च बांधताना त्यांच्या हातात बसली होती. मंगेशीच्या दीपस्तंभाचे मजले, कमानी आणि कोनाडे पाहून ज्याला जुन्या गोव्यातल्या मनोऱ्यांची आठवण होत नाही, त्यानं दोन्ही नीट पाहिलेलं नाही. वसईच्या घंटांचंही असंच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, चर्चच्या घंटा देशावर आल्या, आणि भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही टांगलेल्या दिसतात.

आता राहिलेला मुद्दा, आणि या व्याख्यानाचा आग्रहही तोच. बाँ जेझुसचा तांबडा चेहरा, जो प्रत्येक पोस्टकार्डावर आणि पर्यटन खात्याच्या प्रत्येक पत्रकावर आहे, तो या चर्चचा मूळ चेहरा नाही. इतर सगळ्या चर्चप्रमाणे याच्याही अंगावर चुन्याचा गिलावा होता. १९५२ मध्ये झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं होत होती. त्या सोहळ्याच्या तयारीत पोर्तुगालहून आलेले वास्तुरचनाकार बाल्ताझार काश्त्रु यांच्या देखरेखीखाली तो खरवडून काढला गेला. सालाझारच्या राजवटीत पोर्तुगालमध्येही जुन्या इमारतींचा चुना काढून उघडा दगड दाखवण्याची रीत होती. त्यानं इमारत अधिक पुरातन दिसते असा समज. पोर्तुगालमध्ये चुन्याखाली ग्रॅनाइट निघे. इथे निघाला जांभा.

कोकणातल्या श्रोत्याला यात वावगं वाटणार नाही, कारण रत्नागिरीकडची घरं उघड्या चिऱ्यांचीच असतात. पण त्या घराला चारही बाजूंनी खाली उतरलेली वळचण असते, पडवी असते. पाऊस भिंतीवर पडतच नाही. चर्चच्या भिंतीला वळचण नसते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली ही भिंत तो थेट अंगावर घेते. छिद्रांतून पाणी आत मुरतं, चिऱ्यांतली माती धुऊन निघते, सांध्यांत शेवाळ आणि झुडपं रुजतात, आणि आत सोनेरी लाकडाला दमट हवा लागते. २०२० मध्ये छपरातून गळणाऱ्या पाण्याबद्दल चर्चच्या धर्मगुरूंनी जाहीर तक्रार केली होती, तेव्हापासून गिलावा परत करावा की नाही हा वाद वर्तमानपत्रांत अधूनमधून येतो. ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित आहे, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे.

विरोधकांचं म्हणणं असं की सत्तर वर्षांत हा तांबडा रंगच लोकांच्या मनात बसला, तोही आता इतिहास झाला. हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. पण त्यात दोन गोष्टी सुटतात. पहिली साधी : गिलावा हे जांभ्याचं कातडं आहे, दागिना नव्हे. दुसरी या सगळ्या विवेचनातून आलेली. ज्या भिंतीवर नजर चार मजले चढून वरच्या तीन अक्षरांवर थांबावी अशी रचना होती, तिथे आता नजर तांबड्या दगडाच्या खरबरीतपणात अडकते. वसईहून खर्च करून आणलेला काळा दगड फिक्या भिंतीवर उठून दिसण्यासाठी होता. तांबड्यावर तो बुडून गेला आहे. बांधणाऱ्यांनी जे दाखवायचं ठरवलं ते आज दिसत नाही, आणि जे झाकायचं ठरवलं त्याचे फोटो निघतात.

तेव्हा गिलावा परत चढवला पाहिजे. सिमेंटचा मुळीच नको, कारण तो आत शिरलेला ओलावा कोंडून ठेवतो; जुन्या पद्धतीचा चुन्याचाच हवा, शिंपल्याचा चुना जाणणाऱ्या गवंड्यांकडून, आधी एखाद्या बाजूच्या भिंतीवर दोन पावसाळे तपासून. २०२४-२५ चं झेवियरच्या शवाचं प्रदर्शन ५ जानेवारी २०२५ ला आटोपलं आहे आणि दहा वर्षांच्या प्रथेप्रमाणे पुढच्या सोहळ्याला अवकाश आहे. हे काम करायला यापेक्षा सोयीचा काळ मिळणार नाही.